सायकल-सल्ला : पाय वेळेत सुटायला हवा

या वेळची बहुतेक पत्रं क्लिपलेस पॅडलची आहेत. बुटाच्या तळाला बसवलेली क्लीट पॅडलच्या जबड्यात खट्‌कन अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. यंत्रणा एवढीच, पण पत्रांतले निम्मे प्रश्न पडण्याचे आहेत.

प्रश्न : महिन्यापूर्वी क्लिपलेस पॅडल बसवली. चालवताना त्रास नाही, पण सिग्नलला पडतो. डावा पाय सोडवलेला असतो, तरी सायकल उजवीकडेच कलंडते. असं का?
— एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पाय सुटतोय, तोल भलत्या बाजूला जातोय. डावा पाय मोकळा झाल्यावरही तुमचं वजन उजव्या, अडकलेल्या पायावरच राहत असणार आणि वेग संपेपर्यंत तुम्ही सीटवर बसून राहत असणार. शेवटच्या हातभर अंतरात हँडल किंचित उजवीकडे वळवा. चाकं उजवीकडे सरकतात आणि तुम्ही आपोआप डावीकडे झुकता. त्याच वेळी सीटवरून पुढे उतरा, कंबर डावीकडे न्या. डावा पाय जमिनीला टेकलाच पाहिजे, दुसरा पर्यायच उरत नाही.

डावाच पाय निवडलात हे उत्तम. आपल्याकडे डावी बाजू फुटपाथची. उजवीकडे पडणं म्हणजे मागून येणाऱ्या बसच्या वाटेत पडणं.

क्रमही तपासा. सिग्नलच्या पंधरा-वीस मीटर आधी हलका गिअर घ्या. डावं पॅडल तळाशी आणा, टाच बाहेर फिरवा, सुटलेला पाय पॅडलवरच मधल्या तळव्याने टेकवून ठेवा. ब्रेक त्यानंतर. बहुतेकांचं उलटं होतं : आधी ब्रेक, मग घाई, आणि घाईत पाय सवयीने वर ओढला जातो. वर ओढलेला पाय धरून ठेवणं हेच तर त्या जबड्याचं काम.

स्प्रिंगचा ताणही बघा. एसपीडी, म्हणजे शिमानो कंपनीच्या दोन बोल्टने बसणाऱ्या क्लीटच्या पॅडलला साधारणपणे ३ मिमीच्या ॲलन कीने (षट्कोनी चावीने) फिरणारा स्क्रू असतो, तो वजा चिन्हाकडे सैल होतो. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पॅडलला प्रत्येकी दोन, म्हणजे सायकलला चार स्क्रू झाले. लोक एकेकच सैल करतात आणि मग ‘कधी सुटतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. चारही स्क्रू सैल टोकापाशी आणा, पण पूर्ण उपसून काढू नका.

सरावासाठी सोसायटीच्या ग्रिलला धरून प्रत्येक पाय तीस वेळा अडकवा-सोडवा. मग मोकळ्या मैदानात फक्त एक पाय अडकवून चालवा, शेवटी दोन्ही. नवी मुंबईतला पामबीच रोड लांब आणि सरळ म्हणून मोह होतो, पण तिथे सिग्नल दूरदूर आहेत आणि गाड्या सुसाट. पाय सोडवण्याचा सराव होत नाही आणि चूक महाग पडते.

प्रश्न : घणसोलीहून वाशीला ऑफिसला जातो, सुट्टीच्या दिवशी लांबची राइड. दुकानदार तीन बोल्टवाले रोड बूट घ्या म्हणतो. घ्यावेत का?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : नको. दोन बोल्टची एसपीडी घ्या. तीन बोल्टची पद्धत शर्यतीतून आली. लूक या फ्रेंच कंपनीची पॅडल १९८४ ची, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड हिनॉल्टने त्यांवरच जिंकली. शिमानोची एसपीडी १९९० ची, माउंटन बाइकसाठी, म्हणजे मध्येच उतरून चालावं लागणाऱ्यांसाठी. तिची लोखंडी क्लीट रबरी तळव्याच्या खाचेत दडलेली असते, त्यामुळे स्टेशनचा जिना चढता येतो. रोडची प्लास्टिकची क्लीट बाहेर येते, फरशीवर घसरते आणि चालून झिजते.

शिमानोत एसएच-५१ आणि एसएच-५६ अशा दोन क्लीट मिळतात. ५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटते. ५६ अनेक दिशांनी सुटते, जोरात वर ओढलं तरी. शिकताना ५६ लावा. खड्ड्यात आपटलं तर ती अचानक सुटूही शकते, म्हणून सवय झाली की ५१ वर या. बूट घेताना तळाची भोकं मोजा, दोन आणि तीन बोल्टच्या क्लीट एकमेकांच्या पॅडलला चालत नाहीत.

आणि रोजच्या ऑफिसच्या अंतरासाठी साधी रुंद पॅडल पुरेशी आहेत. क्लिपलेसने पाय वर ओढून दुप्पट जोर मिळतो ही दुकानातली गोष्ट, बहुतेक जोर खाली ढकलण्यातूनच येतो. खरा फायदा हा की उभं राहून चढताना किंवा खडबडीत रस्त्यावर पाय जागचा हलत नाही.

प्रश्न : क्लीट लावल्यापासून तासाभराने गुडघा दुखतो.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी क्लीटची जागा. बूट घालून अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं उंचवट्याचं हाड चाचपा, दोन्हींवर खूण करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान हवा. फार पुढे गेली तर पोटरी आणि टाचेची शीर ओढली जाते.

मग कोन. टेबलावर बसून पाय लोंबते सोडा. चवडे जितके बाहेर वळतात, तितकेच बुटातही राहू द्या. दोन्ही पाय सरळ पुढे बसवायचा अट्टहास गुडघ्यावर निघतो. हलवण्याआधी क्लीटभोवती मार्करने रेघ ओढा आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच सरकवा. बोल्टला ग्रीस लावून ५ ते ६ न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं माप) आवळा. नव्या बुटाच्या तळव्याची जाडी वेगळी असते, तेव्हा सीटची उंचीही पुन्हा बघा. एवढं करूनही दुखलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा.

प्रश्न : टाच कितीही वळवली तरी पाय सुटेना. बूट नुसता गोल फिरत होता.
— एक वाचिका, खारघर

उत्तर : क्लीटचा एक बोल्ट पडला किंवा सैल झाला. त्यामुळे बूट फिरतो आणि क्लीट जबड्यातच राहते. अशा वेळी भिंतीचा किंवा खांबाचा आधार घ्या, बुटाचा पट्टा सोडून पाय बाहेर काढा. मग स्प्रिंगचे स्क्रू पूर्ण सैल करून पॅडलच्या मागचा जबडा स्क्रूड्रायव्हरने मागे दाबा आणि बूट निघतो. नव्या क्लीटचे बोल्ट पहिल्या एक-दोन राइडनंतर पुन्हा आवळावेच लागतात. पावसाळ्यात बोल्टच्या डोक्यात चिखल बसतो. तो टाचणीने कोरून काढल्याशिवाय ॲलन की घालू नका, खाच घासली की बोल्ट कायमचा अडकतो.

प्रश्न : उपवनहून येऊरचा चढ चढताना मध्ये थांबलो की पुन्हा निघता येत नाही.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : थांबण्याआधीच सर्वांत हलका गिअर टाका, उभ्या सायकलला तो बदलत नाही. उजवा पाय अडकलेला ठेवा आणि उलटं फिरवून पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा. मागून गाडी नाही हे पाहून रस्त्याला तिरकं निघा, चढ कमी लागतो. डावा पाय लगेच अडकवायला जाऊ नका, खाली बघत क्लीट शोधण्यातच वेग जातो. तळव्याच्या मध्याने चार-सहा फेरे तसेच मारा, मग पाय पुढून आत सरकवून टाचेकडे दाबा.

प्रश्न : जुनं डावं पॅडल निघतच नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, तुम्ही बहुधा आवळताय. पान्ह्याचा दांडा वर उभा ठेवा आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढा. दोन्ही बाजूंना हाच नियम. गंजलं असेल तर भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. नवीन पॅडल लावताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन वेढे बोटांनीच फिरवा. वाकडं बसलं तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पॅडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि मग क्रँकच बदलावा लागतो.