भाषणाची भीती वाटते, सीआरही (वर्गप्रतिनिधीही) झालो नाही. कॉलेजात नेतृत्वगुण कसे वाढवू?

दुसऱ्या वर्षाला आहात, चारचौघांत बोलताना घसा कोरडा पडतो, म्हणून नेतृत्वाचा एखादा सर्टिफिकेट कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलंय. पैसे वाचवा.

मी राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी होतो. पहिल्या वर्षाची मुलं माईक ज्याच्या हातात, त्यालाच लीडर समजतात. त्यांचा तरी काय दोष? महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वर्गप्रतिनिधी मार्कांवर नेमला जायचा. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली खरी, पण वर्षानुवर्षं मतपेटी दिसलीच नाही. लीडर नेमला जातो, हेच मुलं बघत आली.

शिबिरात हा समज दोन दिवसांत उतरतो. एनएसएसचं काम दोन वर्षांत २४० तासांचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. एका शिबिरात आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, दाभणाने तोंड शिवायचं आणि साखळी करून गोण्या खाली द्यायच्या. गटप्रमुख काठावरून ‘चला, चला’ ओरडत होता. साखळीत मात्र मधल्या एका मुलाचे हात भरून आले होते आणि गोण्या त्याच्यापाशीच तुंबत होत्या. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी त्याला म्हणाली, “तू जरा शिवायला बस, दाभण माझ्याकडंय,” आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहिली. त्याची लाजही राहिली, कामही सुटलं. संध्याकाळपर्यंत ‘आता काय करायचं?’ हे पोरं तिलाच विचारू लागली. गटप्रमुख थोडा रुसला, तो भाग वेगळा.

कॉलेजात शिकण्यासारखं आहे ते हेच. बरोबरीच्या पोरांना पगार नाही, मेमो नाही. उद्या ‘मला बरं नाही’ म्हणून कोणी घरी बसलं तर तुम्ही काय करणार? नोकरीत निदान हुद्दा तरी पाठीशी असतो.

तेव्हा स्टेजच्या मागे लागू नका. ज्याला कोणी हात लावत नाही ते काम मागून घ्या. शिबिरात ते बहुतेक भोजन समितीचं असतं: शिधा मोजणं, सिलेंडर संपायच्या आत दुसरा आणणं, शेवटच्या पंगतीलाही आमटी घट्टच मिळेल हे बघणं. त्यात रोज दहा जणांशी बोलावंच लागतं, आणि कामाचं बोलताना घसा फारसा कोरडा पडत नाही. गॅदरिंगचा हिशेब किंवा एकांकिकेचं बॅकस्टेज मिळालं तरी चालेल. दुसऱ्या वर्षाला एनएसएसच्या युनिटमध्ये नाव घालता येतं का, हे तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना उद्याच विचारा. शिबिराला नोंदणी झालेल्या स्वयंसेवकांनाच नेतात.