तांबी फुकट, पण खाड्याचं काय?

"मॅडम, बसवायला किती लागतील? आणि काढायला?" बाळंतिणीजवळ तांबीचा, म्हणजे गर्भ राहू नये म्हणून पिशवीत बसवतात त्या कॉपर-टीचा, विषय काढला की आधी हाच प्रश्न येतो. दुखेल का, दूध आटेल का, हे सगळं नंतर.

सरकारी दवाखान्यात तांबी बसवायला पैसे लागत नाहीत, काढायलाही नाहीत. उलट बाळंतपणानंतर लगेच बसवून घेतली तर जाण्यायेण्याच्या खर्चापोटी बाईला ३०० रुपये मिळतात, आशाताईला १५०. खासगीत हार्मोनची तांबी काही हजारांत जाते, तो हिशेब वेगळा. पण एवढं सांगून घरच्यांचं समाधान होतंच असं नाही.

एका गळीत हंगामात बीडकडची एक ऊसतोड कामगार आमच्याकडे बाळंत झाली (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). ही दुसरी खेप, थोरली जेमतेम दीड वर्षाची. तिला पाळणा लांबवायचा होता, ऑपरेशन मात्र इतक्यात नको होतं. सासू अडून बसली. "फुकट म्हणत्यात ते बसवंस्तोवर. मग सारखं तपासायला बोलावणार. ही आली की नवराही संगं येणार, म्हंजे कोयता बंद. मुकादम खाडा लावतो, तो कोण भरणार?"

म्हातारी खरं तेच बोलत होती. खाड्याचे, म्हणजे काम बुडालेल्या दिवसाचे, पैसे थेट उचलीच्या, म्हणजे मुकादमाने आगाऊ दिलेल्या रकमेच्या, हिशेबात चढतात आणि आमच्या कुठल्याच तक्त्यात तो रकाना नसतो. म्हणून मी रुपये बाजूला ठेवले आणि केसपेपरच्या पाठीमागे खाडेच मांडले. पाळणा लांबवायचं अंतरा इंजेक्शन घ्यायचं तर अंगावर पाजणाऱ्या बाईला बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर पहिलं, पुढे दर तीन महिन्यांनी, म्हणजे वर्षाला चार खाडे. तांबी सहा आठवड्यांनी बसवायची तर एक खाडा त्या दिवसाचा, एक तपासणीचा. आणि तोवर टोळी कुठल्या फडात असेल कोण जाणे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवली तर त्यासाठी वेगळा खाडाच नाही, बाई दवाखान्यातच असते. सहा आठवड्यांनी एकदा दाखवायचं, तेही गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चालतं. तांबी ३८० ए प्रकारची असेल तर दहा वर्षं चालते, ३७५ असेल तर पाच. मूल हवंसं वाटलं की त्याआधीही काढता येते.

दुसरी बाजूही मी सांगितली. पहिले काही महिने पाळीत अंगावर जास्त जातं, पोटात दुखतं. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप पडण्याचं प्रमाण नंतर बसवलेलीपेक्षा जास्त असतं. पडली तर दुसरी बसवता येते, तीही फुकट. अंगावर जाण्याचं मी मुद्दाम लांबण लावून सांगते. खाड्याच्या धाकाने बाया दुखणं अंगावर काढतात आणि मग खासगीत जाऊन पिशवीच काढून येतात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तांबीमुळे त्यात आणखी एकीची भर पडायला नको.

होकार मात्र तिचाच हवा. कळा सुरू असताना मिळवलेला होकार मी होकार धरत नाही. ही बाळंत होऊन, चहा-बिस्किट खाऊन बसली होती. लगेच तांबी बसवायला आड येईल असंही काही नव्हतं: ताप नव्हता, जास्त रक्तस्राव झालेला नव्हता, पाणी जाऊन १८ तास उलटायच्या आत बाळंत झाली होती. तिने ३८० ए बसवून घेतली. कार्डावर तांबीचा प्रकार आणि तारीख ठळक लिहून दिली, गावाकडच्या नर्सताईला दाखवायला.

तपासणी गावीच झाली. तांबीचा वाढलेला दोरा कापला, खर्च काही आला नाही. ३०० रुपये मात्र अडकले: खातं माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. आता मी सातव्या महिन्याच्या तपासणीलाच पासबुक आणि आधार शेजारी ठेवून नावं जुळवून बघते.