दोन डेटाबेस, एक ट्रान्झॅक्शन आणि न सुटणारं लॉक

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे, द्राक्ष एक्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. पॅकहाऊसचा स्टॉक पोस्टग्रेसमध्ये आणि बिलिंग क्लायंटच्या जुन्या ओरॅकलमध्ये, दोन्हीकडे एकदमच एन्ट्री पडायला हवी म्हणून स्प्रिंग बूटमध्ये अ‍ॅटोमिकॉस (दोन डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन एकत्र सांभाळणारा मॅनेजर) लावलं. सुरुवातीला प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन बंद आहेत म्हणून पोस्टग्रेस ओरडत होतं, ते सेटिंग चालू केलं. आता डॉकरच्या कंटेनरमध्ये अ‍ॅपच्या दोन प्रती (इन्स्टन्स) चालतात, पण डिप्लॉय केलं की कधीकधी एखाद्या लॉटची रो लॉकच राहते. अ‍ॅप रीस्टार्ट केलं, डेटाबेस रीस्टार्ट केला, तरी सुटत नाही. ऐन सीझनमध्ये क्लायंट डोकं खातोय. टाइमआउट वाढवून बघू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टाइमआउटला हात लावू नका, तो प्रिपेअर होण्याआधीच्या कामाला लागतो, तुमचं गाडं त्याच्या पुढे अडकलंय. डेटाबेस रीस्टार्ट करूनही लॉक सुटत नाही ना, मग तो बग नाहीये, पोस्टग्रेस दिलेला शब्द पाळतंय. टू फेज कमिटमध्ये मॅनेजर आधी दोन्ही डेटाबेसना विचारतो, तयार आहात का (हेच प्रिपेअर), आणि एकदा हो म्हटलं की सुपारी फुटली, मग त्यांना आपल्या मनाने माघार घेता येत नाही, रीस्टार्ट झाला तरी निर्णयाची वाट बघत लॉक धरून बसायचं.

निर्णय सांगणार कोण, तर अ‍ॅटोमिकॉस, आणि तोही स्वतःच्या लॉगमध्ये बघून. हा लॉग मुकाट्याने अ‍ॅपच्याच फोल्डरमध्ये पडतो, म्हणजे डिप्लॉयला जुना कंटेनर उडवला की लॉगही गेला! त्यात मॅनेजरचं युनिक नाव तुम्ही दिलं नाही तर ते मशीनच्या आयपीवरून बनतं, नवा कंटेनर म्हणजे बहुतेक नवा आयपी, मग नव्या अ‍ॅपला पोस्टग्रेसमधलं जुनं ट्रान्झॅक्शन दिसतं पण ते आपलं आहे हेच ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक इन्स्टन्सला कायमचं वेगळं नाव द्या आणि लॉगचं फोल्डर बाहेरच्या व्हॉल्यूमवर, तेही प्रत्येकाचं वेगळं. एकच फोल्डर दिलं तर दुसरा इन्स्टन्स लॉग वापरात आहे म्हणून चालूच होणार नाही, ते एकवेळ परवडलं, पण दोघांना एकच नाव दिलंत तर एकाची रिकव्हरी (अर्धवट ट्रान्झॅक्शन निकाली काढणं) दुसऱ्याचं चालू काम रोलबॅक म्हणजे रद्द करू शकते. ओरॅकलच्या युजरला पेंडिंग ट्रान्झॅक्शन वाचायची ग्रँट (परवानगी) आहे का तेही डीबीएला विचारा, नसेल तर रिकव्हरी तिथेच अडते आणि ही गोष्ट हमखास राहून जाते.

आत्ता अडकलेल्यांचं काय? पोस्टग्रेसमधला पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्स हा व्ह्यू बघा, त्यात आयडी आणि प्रिपेअर झाल्याची वेळ मिळेल. जुनी दिसली म्हणून डोळे मिटून रोलबॅक प्रिपेअर्ड मारू नका हं, आधी ओरॅकलमध्ये त्या लॉटचं बिल पडलंय का बघा. पडलं असेल तर इकडे कमिट प्रिपेअर्ड देऊन पक्कं करा, नाहीतर स्टॉक परत आणि बिल तसंच, मग निस्तरत बसा. बिल नाही आणि तिकडेही काही पेंडिंग नाही तर खुशाल रोलबॅक. दोन्हीकडे पेंडिंग असेल तर दोन्हीकडे एकच निर्णय द्या. हे करताना त्याच डेटाबेसला, त्याच युजरने किंवा सुपरयुजरने कनेक्ट व्हायचं. आणि उद्यावर ढकलू नका, अशी ट्रान्झॅक्शन पडून राहिली की व्हॅक्यूमलाही (पोस्टग्रेसची साफसफाई) जुन्या रो साफ करता येत नाहीत.

मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मुळात ० असतं, तुम्ही वाढवलंय, पण निदान मॅक्स_कनेक्शन्सएवढं आहे ना बघा, बदललं तर सर्व्हर रीस्टार्ट लागेल.

माझं विचाराल तर बिल मिनिटभर उशिरा पडलेलं क्लायंटला चालतं का ते आधी विचारा. चालत असेल तर स्टॉकच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका आउटबॉक्स टेबलात नोंद टाका आणि दुसऱ्या जॉबने ती ओरॅकलला पाठवा, फक्त तीच नोंद दोनदा गेली तरी बिल एकच पडेल अशी सोय हवी. तसं केलंत तर ते सेटिंग परत ० करून टाका.