वेताला अकरा पिल्ले, हाती लागतात सहा: वराहपालकांच्या प्रश्नांना उत्तर

नमस्कार. वराहपालकांच्या आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकमेकांशी जुळतात, म्हणून त्यातल्या एका पत्राला धरून सगळ्यांना मिळूनच उत्तर देतो. या पालकाकडे मोठ्या पांढऱ्या जातीच्या १० माद्या आणि १ नर आहे. वेताला १० ते ११ पिल्ले होतात, पण आठ आठवड्यांनी दूध तोडताना ६-७ उरतात. खाद्याचा खर्च परवडत नाही. नर बरीच वर्षे तोच आहे, आता त्याच्याच मुली माजावर येऊ लागल्या आहेत, तेव्हा नवा नर आणायचा आहे. पण आफ्रिकन स्वाइन फिवर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची धास्ती वाटते. चार नंबरची मादी दोन महिने माजावर आलेली नाही, ती विकावी का? आणि शेवटी, वजन लवकर वाढवणारे एखादे टॉनिक सुचवा, असे लिहिले आहे.

टॉनिक सुचवत नाही. तुमचा नफा टॉनिकच्या बाटलीत नाही, तो विणीच्या जागेत मरतो आहे. जरा हिशेब करा. एक मादी वर्षाला साधारण १ टन खाद्य खाते, मग तिची ६ पिल्ले जगोत की ९. वर्षाला दोन वेते धरली तर आज तुम्हाला मादीमागे १३ पिल्ले मिळतात, म्हणजे प्रत्येक पिल्लू आईच्या खाद्याचे जवळजवळ ७७ किलो ओझे घेऊनच जन्माला येते. वेताला ९ जगली तर तेच ओझे सुमारे ५६ किलोवर येते. एकही मादी न वाढवता १० माद्यांवर वर्षाला ५० पिल्ले जास्त. म्हणून सगळ्यात आधी विणीबद्दल सांगतो, आणि सविस्तर सांगतो.

डुकरीण भरल्यापासून ११४ दिवसांनी विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. एक-दोन दिवस पुढेमागे होतात, पण तारीख आधी ठाऊक असते, आणि तरीही बहुतेक ठिकाणी मादी रात्री एकटी विते. सकाळी दार उघडले की तीन पिल्ले दबून मेलेली. दूध तुटण्याआधी जेवढी पिल्ले मरतात, त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या तीन दिवसांतच जातात. ती दबून मेली असे आपण म्हणतो. खरे तर बरीचशी आधी गारठतात, मग भुकेने मंदावतात, मग ऊब शोधत आईच्या पोटाला चिकटतात आणि ती कूस बदलते तेव्हा त्यांना हलता येत नाही. मरणाचे शेवटचे कारण आईचे वजन, पण पहिले कारण गारठा.

नवजात पिल्लाच्या अंगावर ना चरबी असते ना दाट केस. त्याला ३२ ते ३४ अंश ऊब लागते, तर आईला १८ ते २२ अंशांत बरे वाटते. एकाच खोलीत दोघांचे भागत नाही, म्हणून कोपऱ्यात पिल्लांसाठी वेगळा कप्पा करा, आई आत शिरू शकणार नाही असा. त्यात कोरडा पेंढा आणि वर दिवा. दिवा बरोबर टांगला आहे का, हे थर्मामीटरपेक्षा पिल्लेच चांगले सांगतात. रात्री दाराशी दोन मिनिटे उभे राहा आणि नुसते बघा. एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करून झोपली असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, भिंतीकडे सरकून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. शेजारी शेजारी, पाय ताणून, कुशीवर पसरून पडली असतील तर शांतपणे घरी जा. जमिनीलगत वाऱ्याची झुळूक येत असेल तर दिवा असूनही ढीग दिसतो; अशा वेळी खालची फट पोत्याने बुजवा.

भिंतीलगत जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटर उंचीवर आणि भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर लोखंडी पाइप बसवा. आई भिंतीला घासत बसली तरी पिल्लाला निसटायला जागा राहते. खर्च एकदाच आहे आणि दरवर्षी वसूल होतो.

मादीला तारखेच्या ५ ते ७ दिवस आधी धुतलेल्या, वाळवलेल्या जागेत आणा. आणताना तिलाही साबणाने धुवा, विशेषतः कास आणि मागचा भाग. पिल्लू पहिला घोट घेते तेव्हा सडावर जी घाण असेल ती त्याच्या पोटात जाते, आणि जंताची अंडीही त्याच वाटेने जातात. ती पेंढा तोंडात धरून रचू लागली, सड दाबल्यावर दुधाचे थेंब आले, की साधारण २४ तासांत विणार असे समजा आणि त्या रात्री तिथेच राहा. प्रत्येक पिल्लू कोरड्या फडक्याने पुसा, नाळेला आयोडीन लावा आणि लगेच सडाला लावा.

चीक पाजण्यात हयगय नको. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात. आतड्यातून ती रक्तात जाण्याची वाट २४ तासांत बंद होते, आणि पहिले सहा तास सोन्याचे. वेत मोठे असेल तर थोरली पिल्ले पोटभर पिऊ द्या, मग त्यांना तासभर उबदार खोक्यात ठेवा आणि तेवढ्या वेळात धाकट्यांना कास मोकळी करून द्या. सडांपेक्षा पिल्ले जास्त असतील आणि दुसरी मादी त्याच सुमारास व्यायली असेल, तर पहिले १२ तास सख्ख्या आईचा चीक पाजून मग दांडगी पिल्ले तिच्याकडे द्या. लोक किरकोळ पिल्ले हलवतात, तिथेच चुकतात. नव्या आईकडे भांडून सड मिळवायला दांडगेच लागते.

तिसऱ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन द्या, मानेत, २०० मिलिग्रॅम. पिल्लाला रोज ७ मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागते आणि दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाचा कान उजेडासमोर धरून पाहा. शिरा लालसर दिसल्या पाहिजेत. कान मेणासारखा पांढुरका दिसला तर रक्त कमी आहे, आणि असे पिल्लू हगवणीला आधी बळी पडते. हगवण लागली की पिल्लू मरते ते पाणी कमी झाल्याने. म्हणून जमीन कोरडी करा, ऊब वाढवा, क्षारांचे पाणी पाजा आणि पशुवैद्यकाला दाखवा. स्वतःच्या मनाने प्रतिजैविकाची सुई टोचू नका. पुढच्या वेळी तेच औषध चालेनासे होते.

आता भाकड दिवस. तुम्ही आठ आठवड्यांनी दूध तोडता. ११४ दिवस गाभणकाळ, ५६ दिवस दूध, ७ दिवस माजावर यायला, असे एका वेताचे १७७ दिवस होतात. पाच आठवड्यांनी तोडले तर १५६. दहा माद्यांवर वर्षाला जवळपास तीन वेते जास्त. पण दहाव्या दिवसापासून पिल्लांना त्यांचे खास खाद्य थोडे थोडे, रोज ताजे ठेवायला सुरुवात केली असेल आणि ती ते चवीने खात असतील, तरच हे करा. दूध तोडल्यावर मादी ४ ते ७ दिवसांत माजावर येते. पाठीवर दोन्ही हातांनी दाब द्या. माजावरची मादी कान ताठ करून खांबासारखी उभी राहते. १२ ते २४ तासांच्या अंतराने दोनदा नराकडून भरवून घ्या. २१ दिवसांनी उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, आणि तुमच्या लक्षात आले नाही, तर एका चक्राला ५० किलोच्या आसपास खाद्य फुकट गेले.

खाद्याबद्दल तुमचे वाक्य आहे, “सगळ्यांना एकच भरडा देतो.” हे आजपासून थांबवा. गाभण मादीला दिवसाला २ ते २.५ किलो पुरते. जास्त दिले तर ती लठ्ठ होते, विताना अडते आणि नंतर खात नाही. व्यायल्यावर मात्र हळूहळू वाढवत नेऊन २ किलो, अधिक प्रत्येक पिल्लामागे ४००-५०० ग्रॅम द्या. दूध देणाऱ्या मादीला दिवसाला २०-३० लिटर पाणी लागते. दूध कमी आहे म्हणून औषध मागणाऱ्यांच्या फार्मवर मी आधी पाण्याचा नळ दाबून पाहतो. अनेकदा त्यातून नुसती धार ठिबकत असते.

वाढीच्या डुकरांचे वजन कमी भरते, कारण तुमच्या भरड्यात कोंडा फार आणि प्रथिने कमी आहेत. दूध तुटलेल्या पिल्लाला २० टक्के, वाढत्या वयात १६ ते १८, शेवटी १३-१४ टक्के प्रथिने असा उतरता क्रम ठेवा. नुसत्या मक्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक अपुरा पडतो, त्याला सोयाबीन पेंडीची जोड हवी. बुरशी आलेला मका स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. लहान वयाच्या माद्यांचे योनिद्वार सुजून लाल दिसू लागले तर आधी मक्याची पोती तपासा. आणि १०० ते ११० किलोच्या पुढे डुक्कर ठेवू नका. त्यानंतरचे खाद्य बरेचसे चरबीत जाते.

राहिली आफ्रिकन स्वाइन फिवरची भीती. ती रास्त आहे. या रोगावर उपचार नाही, आणि साध्या (क्लासिकल) स्वाइन फिवरची जी लस तुम्ही टोचता ती यावर चालत नाही, कारण दोन्ही विषाणू अगदी वेगळे आहेत. माणसाला हा रोग होत नाही, पण माणूसच तो बुटावर, गाडीच्या चाकावर आणि उरल्यासुरल्या अन्नातून आणतो. हॉटेलचे उष्टे आणता असे तुम्ही लिहिले आहे. त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असला तर विषाणू आयता आत येतो. खारवलेल्या, गोठवलेल्या मांसातही तो महिनोन्‌महिने टिकतो. उष्टे बंद केलेत तर उत्तम. तोवर प्रत्येक घाणा ढवळत ढवळत तासभर खळखळून उकळा, आणि कच्च्याची बादली शिजवलेल्याला लावू नका.

व्यापाऱ्याची गाडी दिवसभरात किती फार्म फिरून आली, तुम्हाला माहीत नसते. विकायची डुकरे कुंपणाबाहेर आणून द्या, गाडी आत नको. आतले बूट वेगळे ठेवा. पाय बुडवायच्या हौदात चिखलाचा बूट घातला तर जंतुनाशक निकामी होते. आधी घासून धुवा, मग बुडवा, आणि पाणी रोज बदला.

नवा नर आणाच, मुलींवर बाप चढवला तर वेते लहान आणि पिल्ले दुबळी होत जातील. पण तो ३० दिवस वेगळ्या जागी ठेवा, त्याचे काम सगळ्यात शेवटी करा, बादली आणि बूट वेगळे. त्याच काळात जंतनाशक आणि खरजेसाठी आयव्हरमेक्टिन उरकून घ्या. कधीही एकदम ताप चढला, कान-पोट लालनिळे पडले, लागोपाठ मरतूक झाली, तर मेलेले जनावर चिरू नका, उरलेली घाईने विकू नका. जागेवरून काही न हलवता पशुवैद्यकाला बोलवा. दोन्ही स्वाइन फिवरमधला फरक प्रयोगशाळेतच कळतो.

चार नंबरची मादी एवढ्यात विकू नका. आधी ती गाभण नाही ना याची पशुवैद्यकाकडून खात्री करून घ्या. तुमच्या नकळत नर चढला असण्याची शक्यता तुमच्या पत्रावरून मला वाटते. रिकामी असेल तर पाठीचे हाड हाताला टोचते का पाहा. आठ आठवडे दूध पाजून ती खंगली असेल, तर खाद्य ३ किलोवर न्या आणि रोज १०-१५ मिनिटे नराच्या अंगणाशेजारी, नाकाला नाक लागेल अशी सोडा. ४२ दिवसांत माज दिसला नाही तर मग विका. तिची व्यायल्याची तारीख, दूध तोडल्याची तारीख आणि किती पिल्ले जगली, एवढे मला कळवा.