ग्रीक खांब ओळखायला शिकताना

सुरुवात खांबाच्या माथ्यापासून करू नका. भग्न मंदिरांत माथा पडलेलाही असू शकतो. आधी पाया बघा. खांब बैठकीशिवाय थेट फरशीतून उभा असेल, तर तो ग्रीक डोरिक (डोरिक आणि आयोनिक या ग्रीक खांबांच्या दोन शैली). आयोनिकला गोल कडांची बैठक असते. मग पन्हळी, म्हणजे खांबावरच्या उभ्या खाचा, मोजा. डोरिकला साधारण 20, आणि दोन पन्हळींमधली कड धारदार. आयोनिकला बहुधा 24, मध्ये सपाट पट्टी. आयोनिकच्या माथ्यावरचे गुंडाळे नंतर बघितले तरी चालतात.

सरावाला अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर घ्या (इ.स.पू. 447–432). समोर 8 खांब, बाजूला 17. इथे हमखास गडबड होते: चारी बाजूंची बेरीज 50 येते, पण कोपऱ्यातले 4 दोनदा मोजले जातात. बाहेरचे खांब 46च.

कोपऱ्यातला खांब थोडा जाड आहे आणि शेजारच्याच्या जवळ सरकलेला. तो सरकवला आहे तो मोजमाप चुकलं म्हणून नव्हे, तर वरची नक्षीपट्टी कोपऱ्यावर नीट संपावी म्हणून.

जोत्याच्या लांब बाजूचा मध्य टोकांपेक्षा सुमारे 11 सेंटिमीटर उंच आहे. हा बाक फोटोवर पट्टी ठेवून तपासायचा मोह होईल, पण वाइड-अँगल लेन्स सरळ रेघही वाकवते. मोजणीचे आराखडेच वापरा.

आणि ‘डोरिक म्हणजे शुद्ध’ हे पाठांतर सोडा. याच डोरिक मंदिरात आतल्या भिंतीच्या वर सलग शिल्पपट्टी होती, ती आयोनिक पद्धतीची.

मुंबईत असाल तर एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल (1833) बघून या. दर्शनी खांब डोरिक आहेत.