कलाशाळेची फी भरण्याआधी वेळापत्रक मागा

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे आणि आठ वर्षं नृत्य शिकते आहे. नृत्य-नाट्य-संगीताच्या एका निवासी माध्यमिक शाळेत तिची निवड झाली. चार वर्षांच्या फीसाठी तिच्या पदवीकरता साठवलेल्या रकमेतले साठ टक्के काढावे लागतील. तिथला बाकीचा अभ्यास कच्चा आहे, असं तिच्या बाबांचं म्हणणं. मला तिचं मन मोडवत नाही. काय करू?

उत्तर : आधी हिशेब मांडू. आज साठलेली रक्कम 100 धरा. वर्षाला 8 टक्के परतावा मिळाला आणि हात लावला नाही, तर चार वर्षांनी तिचे 136 होतील. त्यातून दर वर्षाच्या सुरुवातीला 15 काढलेत, तर शेवटी उरतील 63. फी मध्ये वाढली, तर त्याहूनही कमी.

म्हणजे पदवीच्या वेळी हातातली रक्कम निम्म्याहून कमी. ही तूट भरून काढण्याचे मार्ग दोनच : कर्ज किंवा शिष्यवृत्ती. कलेच्या जोरावर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या असतात, पण जागा थोड्या आणि चढाओढ मोठी. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी गुणपत्रिका बघतात. म्हणून तिच्या बाबांची शंका मी अभ्यासापुरती मानत नाही, ती पैशाचीही आहे. फीमुळे साठवण निम्मी होईल, आणि अभ्यास कच्चा राहिला तर ती भरून काढायची वाटही अरुंद होईल. दोन्ही एकदम झालं, तर अठराव्या वर्षी तिच्यापुढे फारसे पर्याय उरणार नाहीत.

कलाशाळा म्हणजे अभ्यासाची आबाळ, असं मात्र मुळीच नाही. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया हायस्कूल या कलाशाळेत प्रवेश देताना कलाचाचणीबरोबर आधीचे गुणही पाहतात. लंडनमध्ये क्रॉयडनला 1991 साली सुरू झालेल्या ब्रिट स्कूलमध्ये कलेसोबत गणित-इंग्रजीही शिकवतात, आणि दोन्ही शाळांत फी नाही. तेव्हा फी मोठी म्हणजे अभ्यास चांगला, हे गृहीत धरू नका.

काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन एक वडील माझ्याकडे आले होते. सोबत शाळेचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं, पानोपानी रंगमंचाचे फोटो. मी म्हटलं, वेळापत्रक आणा. ते आलं. गणिताचे आठवड्याला तीनच तास, आणि त्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलेलं : 'रंगीत तालमीच्या आठवड्यात तास होणार नाही.' वर्षात असे आठवडे किती, हे शाळेला विचारायला सांगितलं. उत्तर आलं, नऊ. ते माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

तुम्हीही तेच मागा. साधं नको, प्रयोगाच्या आधीच्या आठवड्याचं वेळापत्रक. गणित आणि विज्ञान शेवटच्या वर्षापर्यंत घेता येतं का, बुडलेले तास कोण आणि कधी भरून काढतं, गेल्या तीन वर्षांतली मुलं पुढे कुठे गेली, हे विचारा. नुसती नावाजलेली दोन नावं सांगितली तर ऐकून घ्या आणि उरलेल्यांचं विचारा. दुखापत होऊन सहा महिने नाचता आलं नाही, तर मुलगी दिवसभर काय करते, हेही विचाराच. नर्तकीचा गुडघा किंवा घोटा कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि चौदाव्या वर्षीची आवड सतराव्या वर्षी बदलली तर त्यात तिचा दोष नाही.

उत्तरं समाधानकारक असतील, तर मी पाठवा म्हणेन. आठ वर्षं न कंटाळता घाम गाळणारी मुलगी पोरखेळ करत नसते. मात्र साठ टक्क्यांऐवजी मर्यादा तीस ठेवा आणि उरलेली फी चालू कमाईतून भागते का ते बघा. शाळेकडे फीसवलतीचा अर्ज करा, एकदा नाही म्हणाले तरी पुढच्या वर्षी पुन्हा करा. निवृत्तीच्या पैशाला मात्र हात लावू नका.

मर्यादेत बसत नसेल, तर चांगली साधी शाळा आणि संध्याकाळी आता शिकवणाऱ्या गुरूंकडेच जादा तास, सुट्टीत निवासी शिबिर. खर्च पुष्कळ कमी होईल. तिच्याशी बोलताना हे आकडे तिच्यासमोर कागदावर मांडा, 136 आणि 63 सुद्धा. चौदा वर्षांच्या मुलीला ते कळतात. आणि वेळापत्रक हातात येईपर्यंत अनामत भरू नका, विशेषतः ती परत मिळणार नसेल तर.