एअरसॉफ्ट गन परदेशातून मागवण्यापूर्वी

ऑर्डरची घाई करू नका; आपल्या देशाचा कायदा एअरसॉफ्ट गनला (प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या मारणाऱ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळातल्या बंदुकीला) खेळणे मानतो की शस्त्र, हे आधी सीमाशुल्क विभागाला लेखी विचारा, कारण माल अडकला तर ‘सगळीकडे पाठवतो’ म्हणणारा विक्रेता नामानिराळा राहतो.

खरी मेख सुटणाऱ्या गोळीच्या ऊर्जेच्या मर्यादेत आहे; ही ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गनला 1.3 ज्यूलपर्यंत मुभा आहे, तर जपानमध्ये 6 मिलिमीटर गोळीसाठी ती 1 ज्यूलच्याही आत आहे. जाहिरातीत मात्र बहुधा वेगच छापतात, 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली की 1 ज्यूल भरतो, एवढे गणित पाठच करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- पार्सलवर खोटे वर्णन किंवा कमी किंमत लिहून घेणे. (हा शहाणपणा अंगाशी येतो.)
- लिथियम बॅटरी आणि गॅसचे डबे सोबतच मागवणे. हवाई वाहतुकीत दोन्ही धोकादायक माल ठरतात.

सुट्या भागांचे नियम नंतर पाहू.